निकालाच्या यादीत नसलेल्या पोरांबद्दल पण लिहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी पुण्यात नवी पेठेत मेस चालवते. आमच्याकडे जेवायला येणारी बहुतेक पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेवाली, परभणी, बीड, वाशिम, नंदुरबार, सांगोला, कुठकुठनं आलेली. तुमचा पेपर आमच्याकडे रोज येतो आणि जेवता जेवता सगळे वाचतात. मागच्या निकालानंतर तुम्ही यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींचं अख्खं पान छापलं होतं त्याबद्दल लिहायचं होतं, लिहू लिहू म्हणत राहून गेलं, आता लिहिते. जसं बोलते तसंच लिहिलंय, लांबलं तर काटछाट करून छापा.

त्या पानावर ज्यांचे फोटो होते त्यातली एक पोरगी आमच्याकडेच जेवायची. किती मन मारून अभ्यास केला तिने ते मी बघितलंय, दिवाळीला सुद्धा घरी गेली नव्हती, तिचं कौतुक व्हायलाच पाहिजे आणि ते तुम्ही केलंत म्हणून बरंच वाटलं. माझं म्हणणं त्या पानाच्या भाषेबद्दल आहे. मजुराच्या मुलाने गरिबीवर मात केली, आईच्या कष्टाचं सोनं झालं, जिद्द असली की काहीच अशक्य नाही. हे वाचून शेजारच्या ताटावर बसलेल्या दुसऱ्या पोराला काय वाटत असेल? त्याची आई पण मजुरीच करते. ती पण त्याच उन्हात कापूस वेचते, तिच्या पण हाताला बोंडांनी तसेच ओरखडे असतात. त्याने पण तीच पुस्तकं वाचली, त्याच अभ्यासिकेत पहाटेपर्यंत बसला, आणि दोन मार्कांनी कटऑफ हुकला. मग त्याच्या आईच्या कष्टाचं काय झालं म्हणायचं? तुम्ही काही वाईट लिहित नाही, मला माहितीये, पण एकाच्या आईचं सोनं झालं म्हटलं की दुसऱ्याच्या आईची माती झाली असं त्याला न लिहिता पण कळतं.

आणि जिद्दीचं म्हणाल तर जरा हिशोब करून बघा. यूपीएससीची २०२४ ची नागरी सेवा परीक्षा घ्या, साधारण ९ लाख ९२ हजार अर्ज आले होते, त्यातले ५ लाख ८३ हजार पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले, इंटरव्ह्यूला बोलावले २८४५ आणि शेवटच्या यादीत नावं १००९. म्हणजे बसलेल्या हजारात दोघं पण नाहीत. आता या सगळ्यांनी पुढच्या वर्षी दुप्पट अभ्यास केला, झोप अर्धी केली, मोबाईल फोडून टाकला, तरी जागा जेवढ्या निघतील तेवढ्याच भरणार ना. इंटरव्ह्यूच्या दारातून अठराशेच्या वर पोरं परत आली, ती काय आळशी होती? यूपीएससीने स्वतःच आता प्रतिभा सेतू म्हणून पोर्टल काढलंय, इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन यादीत न आलेल्या पोरांची माहिती, त्यांची संमती असेल तर, तिथे कंपन्या आणि सरकारी संस्था यांना बघता येते. म्हणजे आयोगालाच कळतंय की ही पोरं कामाची आहेत. मग आपल्याला का कळू नये.

राज्याच्या परीक्षेत तर आणखी वेगळीच तऱ्हा. २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होणार होती, ती पुढे गेली, मग परत पुढे गेली, मग २५ ऑगस्ट ठरली तर त्याच दिवशी बँकेची आयबीपीएसची परीक्षा, पोरं शास्त्री रोडवर आंदोलनाला रात्रंदिवस बसली, आम्ही आसपासच्या मेसवाल्यांनी जमेल तसं पोहे-चहा नेऊन दिला, मग ती तारीख पण रद्द झाली आणि शेवटी परीक्षा झाली १ डिसेंबरला. एप्रिल ते डिसेंबर. एवढे महिने रूमचं भाडं, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे कुठनं आले? घरून आले. कुणाच्या बापाने म्हैस विकली, कुणी सोसायटीचं कर्ज काढलं. माझ्याकडे पोरं अशा वेळी दोन वेळचा डबा बंद करून एक वेळचा करतात, सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी एकदाच पोटभर, आणि खाडे धरा काकू, खाडे धरा, म्हणजे न जेवलेल्या वेळचे पैसे कापा, म्हणून मागे लागतात. यात जो टिकला तो टिकला. ज्याच्या घरी म्हैस नव्हती तो गेला. आपण नंतर म्हणणार याच्यात जिद्द होती आणि त्याच्यात नव्हती. असं कसं चालेल?

यादीत नाव आलं तरी सगळं झालं असं पण नसतं. २०१९ च्या राज्यसेवेत ४१३ जणांची निवड झाली होती, निकाल लागला जून २०२० ला, सत्कार झाले, गावात फ्लेक्स लागले, आणि मग कोरोना, त्यात सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, नियुक्ती अडकली ती वर्ष उलटून गेलं तरी हातात नाही. यादीत नाव, गावात तहसीलदार म्हणून हाका मारतात आणि पगार शून्य. तेव्हा तुमच्याच पेपरात त्यांच्या बातम्या वाचल्या होत्या मी. त्या मधल्या काळात ती पोरं यशस्वी होती का अपयशी? माणूस तर तोच होता. मला वाटतं आपण माणसाकडे बघतच नाही, त्याच्या कपाळावर शिक्का बसला का नाही तेवढंच बघतो.

निकालाचा दिवस तुम्हाला सांगते. पीडीएफ बहुतेक वेळा संध्याकाळी टेलिग्रामवर पडते, आमची जेवणाची वेळ. मोबाईलमध्ये सर्च करायचं, आपलं आडनाव टाकायचं. कुणाचं निघालं की आरडाओरड, गुलाल, पेढे, मिठ्या. ज्यांचं निघत नाही ते पण नाचतात हो, मित्राला खांद्यावर घेतात, मनापासून घेतात, त्यात खोटं काही नसतं. आणि मग नऊ-साडेनऊला एकेकाला घरून फोन यायला लागतात. फोन घेऊन जिन्यात जातात, मला आतून ऐकू येतं. हां आई. नाही झालं. हां, जेवलो. जेवलो गं. आणि जेवलेला नसतो. ताट तसंच झाकून ठेवलेलं असतं, रात्री अकराला आला तर मी परत पोळी गरम करून देते, नाही आला तर दुसऱ्या कुणाला रूमवर बघायला पाठवते. हे बघायला पाठवणं मी का करते ते तुम्हाला माहितीये, तुम्हीच त्या बातम्या छापता. वीस-बावीस वर्षाचं पोर एका यादीवरनं स्वतःला संपवायचा विचार करतं म्हणजे यश म्हणजे काय हे त्याला आपण सगळ्यांनी मिळून किती चुकीचं शिकवलंय.

आता ज्यांची नावं यादीत आली नाहीत त्यांचं पुढे काय होतं हे कुणी विचारायला जात नाही म्हणून मी सांगते. जिंतूरकडचा एक पोरगा होता. हुशार, शांत. दोनदा इंटरव्ह्यूपर्यंत गेला, दोन्ही वेळेला राहिलं. वडील आजारी पडले म्हणून बॅग भरून गावी गेला, जाताना पाया पडला आणि म्हणाला काकू माझं काही झालं नाही. मी तेव्हा काय बोलणार. तो आता तालुक्याला ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवतो, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म. त्याच्या लग्नाला गेले होते तेव्हा सकाळी त्याच्या दुकानात बसले होते तासभर. एक म्हातारी बाई आली, नवरा वारलेला, जमिनीवर वारस नोंद लागत नव्हती, हेलपाटे मारून थकलेली, कुणी म्हणे वकील लावा, कुणी पैसे मागितलेले. याने तिला खुर्चीवर बसवलं, मृत्यूचा दाखला बघितला, कागद लावले, अर्ज लिहिला, आणि तिला समजेल असं सांगितलं की मावशी हा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, मग ते फेरफारच्या वहीत नोंद घेतील, नोटीस काढतील, पंधरा दिवसात कुणाची हरकत आली नाही तर नोंद मंजूर करायचं काम मंडळ अधिकाऱ्याचं, कुणाला एक रुपया द्यायचा नाही. पोच म्हणजे काय ते पण दाखवलं तिला, शिक्का कुठे मारतात, तारीख कुठे लिहितात. जमीन महसूल कायदा त्याने परीक्षेसाठीच पाठ केला होता ना. तोच कायदा तो खुर्चीच्या अलीकडच्या बाजूला बसून वापरतोय एवढाच फरक. त्या म्हाताऱ्या बाईला विचारा यशस्वी माणूस कोण.

लग्नाच्या मांडवात त्याच्या एका मामाने मला बाजूला घेऊन विचारलं, पोरगा एवढी वर्षं पुण्याला होता, वाया गेली ना सगळी. मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं.

वाशिमकडची एक पोरगी होती, तिला घरून एक वर्ष दिलं होतं, झालं तर झालं नाहीतर लग्न. पोरींचं गणित असं असतं हे तुमच्या पानावर कधी येत नाही, पोरगा तिशी ओलांडली तरी आणखी एक अटेम्प्ट म्हणतो आणि पोरीला पहिल्या अटेम्प्टलाच दिवस मोजून मिळतात. तिचं झालं नाही, लग्न झालं. पण तिने सासरी बचत गटाचे हिशोब हातात घेतले, बँकेत स्वतः जायला लागली, गटातल्या बायकांना सही करायला शिकवलं, आता गटाचं कर्जाचं प्रकरण असलं की बँकेचा साहेब तिलाच फोन करतो. फोनवर मला म्हणाली, काकू, बँकेत कुणी मला घाबरवू शकत नाही आता. अशी कितीतरी आहेत. कुणी शाळेत शिकवतंय, कुणी डेअरी टाकलीय, कुणी पतसंस्थेत, एकजण पाणीपुरवठ्याच्या टाकीवर कंत्राटी आहे आणि गावाला वेळेवर पाणी सोडतो म्हणून लोक त्याचं नाव काढतात.

माझं माहेर कराडजवळचं, त्यामुळे खाशाबा जाधवांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत आले तर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. हे सगळ्यांना माहिती असतं. पण त्यांना जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून पैसे उभे केले आणि सरांचं घर सोडवलं. आता मला सांगा, समजा त्या दिवशी मॅटवर खाशाबांचा पाय घसरला असता आणि पदक हुकलं असतं, तर खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं ते वाया गेलं म्हटलं असतं का आपण? मला तरी वाटतं ज्या दिवशी सरांनी त्या कागदावर सही केली त्याच दिवशी ते जिंकले, पदक नंतरचं. आणि १९५५ ला खाशाबा फौजदार म्हणून पोलिसात लागले, आज आपण ज्याला यश म्हणून फ्लेक्स लावतो तीच पोस्ट. सरकारने त्यांच्या पदकाची म्हणावी तशी कदर जिवंतपणी केली नाही, अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यावर, १९८४ ला गेले ते आणि पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण फौजदारकी लागली म्हणून खाशाबा मोठे आहेत असं आमच्याकडे कुणीच म्हणत नाही.

पोस्ट वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. पोस्ट मिळालेल्यातली पण सोन्यासारखी पोरं आहेत. एकजण गटविकास अधिकारी आहे, पुण्यात मीटिंग असली की येऊन जेवून जातो आणि जेवता जेवता त्याच्या तालुक्यातल्या घरकुलांचं सांगत बसतो, कुठल्या बाईचा हप्ता अडकला होता, तो कसा सोडवला, चेहरा असा फुललेला असतो त्याचा. त्याचं यश मला तेव्हा दिसतं, निकालाच्या दिवशी तर ते नुसतं सुरू झालं होतं. आणि दुसरीकडे तुमच्याच पेपरात लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्याच्या बातम्या येतात, अमुक तलाठी, तमुक फौजदार, रंगेहाथ. यातल्या कुणाकुणाचा पण कधीतरी गावात सत्कार झालाच असेल ना, त्यांच्या पण आईला स्टेजवर बोलावून साडीचोळी दिली असेल. म्हणजे ज्याला आपण यशाची गोष्ट म्हणून छापलं ती गोष्ट तिथे संपलेली नव्हती. माणूस खुर्चीवर बसल्यावर समोरच्याला बसा म्हणतो का नाही, हे बघायला दहा वर्षं लागतात आणि आपण निकालाच्या रात्रीच सर्टिफिकेट देऊन मोकळे होतो.

क्लासवाल्यांच्या जाहिरातींबद्दल पण बोलायलाच पाहिजे. निकालानंतर आठवडाभर तुमच्या पहिल्या पानावर एकाच पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या जाहिरातीत असतो. पोराने तिथे फक्त मॉक इंटरव्ह्यू दिलेला असतो, तो पण फुकट. आता केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींबद्दल कितीतरी कोचिंगवाल्यांना लाखांचे दंड केलेत आणि नोव्हेंबर २०२४ ला नियमावली पण काढलीय, की निवड झाल्यानंतर पोराची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरायचा नाही आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता ते सांगायचं. नियम आहे तर जाहिरात घेताना पेपरने पण विचारावं ना, संमती आहे का, कोर्स कुठला. गावाकडचा बाप ती जाहिरात बघूनच पोराला पुण्याला पाठवतो. तो पेपरावर विश्वास ठेवतो, क्लासला तर तो ओळखत पण नाही.

मला माहितीये तुम्ही म्हणाल लोकांना हेच वाचायला आवडतं आणि अशा गोष्टींनी बाकीच्यांना प्रेरणा मिळते. मिळते, थोडी मिळते. पण माझ्या टेबलावर मी बघते, ते पान वाचून पोरं गप्प होतात. ज्याला घरी परत जायचंय, ज्याच्या मनात आलंय की बास आता, दुसरं काहीतरी करू, त्याला ते पान जाऊ देत नाही, परत जाणं म्हणजे पळून जाणं असं त्याला वाटतं. खुल्या गटाला राज्यसेवेला ३८ वयापर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे ऐन उमेदीची वर्षं यातच घालवायची मुभा आहे आणि थांब म्हणणारं कुणी नाही. एखाद्याने पाच वर्षं मन लावून अभ्यास केला, मग शांत डोक्याने ठरवलं की आता हे बंद, गावी जाऊन शेती आणि दुकान बघतो, आई-बापाला सांभाळतो, तर हा निर्णय घ्यायला पण हिंमत लागते. माझ्या मते तर जास्त लागते, कारण त्याला कुणी हार घालणार नसतं. असा निर्णय घेऊन चार वर्षांनी जो पोरगा स्वतःच्या पैशाने माझी जुनी उधारी द्यायला पुण्याला येतो आणि मी नको म्हटलं तरी टेबलावर पैसे ठेवून जातो, त्याला अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या निकालाला यशस्वी उमेदवारांचं पान जरूर छापा, पण त्याच पानावर ठळक अक्षरात जागा किती होत्या आणि परीक्षेला बसले किती हे पण छापा, म्हणजे घरी बसलेल्या बापाला पण कळेल की आपलं पोर कशाच्या समोर उभं होतं. गरिबीवर मात, कष्टाचं सोनं असले मथळे जरा बाजूला ठेवा. आठ-दहा वर्षांपूर्वी ज्यांचे फोटो छापले होते त्यांच्याकडे परत जा, ते काय काम करतायत ते त्यांच्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या लोकांना विचारून लिहा. आणि ज्यांनी तयारी सोडली त्यांच्याकडे पण जा. जिंतूरकडच्या त्या पोराला मी फोन करून विचारलंय, तुमचा वार्ताहर आला तर तो बोलायला तयार आहे, त्याचं एकच म्हणणं आहे की सकाळी अकराच्या आत या, नंतर अर्जवाल्यांची गर्दी असते आणि त्याला उठता येत नाही.

आपली,
एक मेसवाली काकू
नवी पेठ, पुणे